बोलणाऱ्यांच्या गटात टाका ना!

‘ताई, मला बोलणाऱ्यांच्या गटात टाका ना. इथे कुणी बोलतच नाही, माझं जर्मन सुधारणार कसं?’

सप्टेंबरात स्वयंसेवकांची नवी तुकडी येते आणि दिवाळीच्या आसपास ही विनंती माझ्याकडे येते. दक्षिण जर्मनीत अपंगांच्या एका निवासी संस्थेत मी नोकरी करते. या कामाचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण इथेच घेतलं. मागणारा मराठी असला की हक्काने मागतो, गावच्या माणसाकडे शब्द टाकावा तसा. मागताना कुणाच्याही चेहऱ्यावर संकोच नसतो, आणि मला राग येतो तो त्याचाच. ज्या रहिवाशांना बोलता येत नाही ती माणसं याच्या लेखी बिनकामाची. जी बोलतात ती फुकटची शिकवणी.

पोरांना तरी किती बोल लावायचा? त्यांना हेच सांगून आणलेलं असतं. भाषा शिका, युरोप बघा, राहणं-जेवणं मोफत, वर खर्चाला पैसे. संस्थेकडे थेट अर्ज करता येतो, तरी मधले एजंट लाखांच्या गोष्टी करतात. त्यांच्या जाहिरातीच्या पत्रकाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीतला एक हसरा माणूस असतो. त्याला कुणी विचारलं होतं का, की बाबा रे, यंदा तुला आंघोळ घालायला आणि तुझ्यावर व्याकरण गिरवायला नवीन मुलगा येतोय, चालेल ना?

जर्मन सरकारही काही कमी नाही. लष्करात जायला नकार देणारी मुलं पूर्वी नागरी सेवा म्हणून अशा संस्थांत राबायची. 1 जुलै 2011 रोजी सक्तीची लष्करभरती थांबली आणि हा हुकमी मनुष्यबळाचा झराही आटला. त्याच दिवशी ‘संघराज्य स्वयंसेवा’ सुरू झाली. ऐच्छिक सामाजिक वर्ष, म्हणजे एफएसजे, तर 1964 पासून कायद्यात आहेच. कायदा म्हणतो, स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही, त्याने फक्त मदत करायची. आमच्या भिंतीवरचं ड्युटीचं वेळापत्रक बघा. एक जण आजारी पडला की मदतनीसाचं नाव सरळ त्याच्या रकान्यात जातं. आठवड्याला एकोणचाळीस तास, आणि हातात येणाऱ्या पैशांची कमाल मर्यादा 2025 मध्ये 644 युरो. बहुतेक ठिकाणी त्याहून कमीच मिळतात.

एवढं वाचून पोरांची कीव आली असेल तर जरा थांबा. आमच्याकडचे बरेच रहिवासी दिवसा अपंगांसाठीच्या कार्यशाळेत जातात. सुटे भाग जोडतात, खोकी भरतात, बड्या कंपन्यांची कामं करतात. देशभरात अशी तीनेक लाख माणसं आहेत. महिन्याचा मोबदला सरासरी सव्वादोनशे युरोच्या आसपास. कायदा त्यांना पूर्ण कामगार मानत नाही, म्हणून किमान वेतन लागू नाही. बाकीचा खर्च सरकारी भत्त्यांतून चालतो, हे खरं. तरीही हिशेब असा होतो की भाषा शिकायला आलेल्या पोराच्या खिशात जेवढं पडतं, तेवढंही त्याला भाषा शिकवणाऱ्याला कामाचं म्हणून मिळत नाही.

आता त्या भाषेबद्दल. जर्मनचं बी-वन पातळीचं प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा पहिल्या दिवशी इथली श्वाबिश बोली ऐकतो आणि गार पडतो. त्यात बोलणाऱ्याची जीभ जड, शब्द अर्धे, वाक्यं तुटक. समजलं नाही तर विचारायला हवं. पण विचारलं तर भाषा कच्ची ठरेल, म्हणून पोरं मान डोलावतात. ही सवय वर्गात खपते. आमच्याकडे गिळायला त्रास होणारी माणसं आहेत. त्यांना साधं पाणी चालत नाही, पावडर घालून घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. ही सूचना सकाळी कामाची पाळी बदलताना घाईघाईने, बोलीभाषेत, एका वाक्यात दिली जाते. त्या वाक्याला मान डोलावलेली मला चालत नाही.

आमच्याकडे साठीचे एक गृहस्थ आहेत. सेरेब्रल पाल्सी, बुद्धी तल्लख, जिभेवर ताबा नाही. नजरेने चालणाऱ्या यंत्रातून बोलतात. दर सप्टेंबरला त्यांची शाळा भरते. कॉफीत साखर किती, डावा हात कसा उचलायचा, दाढी कुठून सुरू करायची, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पोराला जरा जमू लागतं तोवर निरोपाचा केक कापला जातो. नव्या पोरांसाठी त्यांनी यंत्रात एक पानच तयार ठेवलंय. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे: ‘आधी विचार, मग हात लाव.’ परक्या हाताने रोज उघडं व्हावं लागणाऱ्या माणसाला हे वाक्य साठवून ठेवावं लागतं, आणि आपण त्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतो.

आणि न बोलणारे? ते बोलतात. चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून, हाताच्या खुणांनी, मान फिरवून, ताट ढकलून. तेही शिकावं लागतं. त्याचं प्रमाणपत्र व्हिसाच्या कामी येत नाही, म्हणून शिकायची कुणाला घाई नसते.

घरी पाठवायच्या रीलवर मात्र ‘देवाची लेकरं’. ही लेकरं चाळिशीतले बाप्ये आहेत, व्हीएफबी श्टुटगार्टचा फुटबॉल संघ हरला की शिव्या घालणारे. परवानगीशिवाय त्यांचा फोटो टाकणं इथे कायद्याविरुद्ध आहे, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एक तरी फोटो काढून टाकायला लावते. सुट्टीत सगळे नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायला धावतात. श्वाबियन डोंगरातल्या ग्राफनेकला कुणी जात नाही. तिथे 1940 साली नाझींनी दहा हजार सहाशेहून अधिक अपंग आणि मनोरुग्णांना वायूने मारलं. समाजाला यांचा उपयोग काय, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. माणसाला त्याच्या उपयोगावर तोलायची खोड किती जुनी आहे, हे कळायला तिथला एक दिवस पुरतो. पोरांची आणि नाझींची बरोबरी मी करत नाही. पण त्याच प्रदेशात बसून ‘इथे कुणी बोलत नाही, मला काय फायदा’ असं कुणी म्हणालं की मला ग्राफनेक आठवतंच.

‘दोघांचाही फायदा होतो की!’ असं म्हणणारे भेटतात. काहींच्या बाबतीत होतो. काही मुलं थांबतात, हेच शिक्षण घेतात, उत्तम काम करतात, आणि माझ्या सुट्ट्या त्यांच्याच जिवावर निघतात. पण त्यांनी गट बदलून मागितलेला मला आठवत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आता पोरांचा ओघ वाढेल, एजंटही वाढतील. येणार असाल तर बारा महिन्यांऐवजी अठरा थांबा, कायदा तेवढी मुभा देतो. समजलं नाही तर तीनदा विचारा. हात लावण्याआधी विचारा. नुसतं जर्मन शिकायचं असेल, तर पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. तिथल्या शिक्षकांना शिकवण्याचा पगार मिळतो.