घोडं पेंड खातं ते पैसे भरल्यानंतर

साडीच्या दुकानात आपल्याला फसवणं सोपं नाही. पदर चुरगाळून बघितला की पोत कळतो, रंगाचा अंदाज येतो, आणि दुकानदारही आपल्याला ओळखून असतो. पण जी वस्तू गावात कुणी वापरतच नाही, ती लांबच्या कंपनीकडून मागवायची वेळ आली की काय करायचं? माझ्यावर ही वेळ घोड्यामुळे आली.

हसू नका! आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर फौजेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घोडेस्वारीचा वर्ग काढला आणि माझी सातवीतली लेक तिथे जायला लागली. "पोरीला घोडा कशाला?" असं सासूबाई दोन दिवस पुटपुटल्या. मग मी त्यांना एक फोटो दाखवला. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं होतं, आणि संघातल्या चौघांत दोघी मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह. सासूबाई गप्प झाल्या. आता त्याच सकाळी पोरीच्या हातात घोडीसाठी गाजरं देतात.

सरांनी यादी दिली. हेल्मेट, घोडेस्वारीची विजार म्हणजे ब्रीचेस, आणि थोडी टाच असलेले बूट. टाच हवी, कारण सपाट बुटातला पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू शकतो आणि पडलेल्या माणसाला घोडा फरफटत नेतो. हेल्मेटबद्दल तर सरांनी दम भरला होता. स्कूटरचं चालणार नाही, सायकलचंही नाही. घोडेस्वारीचं वेगळं असतं, त्याची वेगळी चाचणी होते, आणि चाचणीचं लेबल आत शिवलेलं किंवा चिकटवलेलं असतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला थर्माकोलसारखा थर धक्का झेलून दबतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

मोठ्या शहरातल्या एका कंपनीकडून ऑनलाइन मागवलं. जाहिरातीत 'ईएन १३८४' हे युरोपचं मानक ठळक लिहिलं होतं. किंमत चार हजार आठशे. खोकं आलं, हेल्मेट दिसायला देखणं, मखमली. आत लेबलच नाही! अस्तर उलटून बघितलं, पट्ट्याखाली बघितलं, खोक्यावर बघितलं. कुठेच काही नाही.

फोन लावला. पहिला मुलगा म्हणाला, "मॅडम, हेल्मेट म्हणजे हेल्मेट." दुसऱ्याने सांगितलं, उघडलेला माल परत घेत नाही. आता मला सांगा, न उघडता आतलं लेबल बघायचं कसं? तिसऱ्या दिवशी जो बोलला तो म्हणाला, "घरात मिस्टर आहेत का? त्यांना द्या, त्यांना टेक्निकल समजेल." आमचे हे मराठीचे शिक्षक. स्वतःच्या वरातीतही घोड्यावर बसायला तयार नव्हते. फोन त्यांच्या हातात दिला असता तर त्यांनी त्या मुलाला 'खोगीरभरती' या शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगितली असती!

गंमत सोडा, पण या एका वाक्याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. यादी मी वाचली, माप मी घेतलं, पैसे माझ्या खात्यातून गेले, आणि समजणार मात्र मिस्टरांना?

कंपन्यांची बाजूही ऐकलीय मी. या धंद्यातल्या एका बाई मला म्हणाल्या, लोक स्पर्धेपुरते बूट मागवतात, दोन दिवस वापरतात आणि चिखलासकट परत पाठवतात. खरं असेल. अशांना जरूर नकार द्यावा. पण म्हणून जाहिरातीत एक आणि खोक्यात दुसरं पाठवणाऱ्यानं त्याच नियमामागे लपायचं?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, फक्त तो आपल्यापर्यंत पोचत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची. त्यातूनही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीत असो की बंगळुरात. वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही.

मी फोन बंद केले आणि लेखी सुरू केलं. साध्या मराठीवळणाच्या इंग्रजीत एक ईमेल, जाहिरातीचा फोटो, हेल्मेटच्या आतला फोटो. पोच दुसऱ्या दिवशी आली, तीही "रिस्पेक्टेड मॅडम" म्हणून! लेखी कागद दिसला की भाषा कशी बदलते बघा. पुढे मात्र शांतता. १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तेविसाव्या दिवशी पैसे आले.

बूट मी कानपूरहून मागवले. कानपूर हे ब्रिटिश फौजेच्या काळापासून खोगीर आणि लगामांचं गाव, तिथला माल परदेशात जातो. तिथल्या एका छोट्या कारखानदाराकडे ना झकपक वेबसाइट, ना गोड आवाजाची मुलगी. त्यानं सांगितलं, पोरीचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि फोटो पाठवा, पोटरीचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहा. तरी एक बूट पोटरीला आवळला. त्याचं उत्तर एवढंच, "भेज दीजिए बहनजी, दूसरा बना देंगे." आणि बनवून पाठवला. आता वर्गातल्या सहा मुलींचे बूट तिथूनच येतात.

खरा जीव तुटतो तो घोडीसाठी. सरांनी एका कंपनीकडून नवा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटपट्टा, मागवला होता. कडेची शिवण खरखरीत निघाली आणि आठवड्यात घोडीच्या पुढच्या पायामागे जखम झाली. कंपनीचं उत्तर काय, तर "घोडा जास्त घामट असेल." तीन आठवडे तिच्यावर कुणी बसलं नाही. ती बिचारी दाव्याला उभी राहून माशा वारत होती. तिला ना १९१५ लावता येतो, ना ईमेल करता येतो. सरांनी तंग फेकून दिला आणि म्हणाले, "जाऊ दे ताई, बाराशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार?"

हे 'जाऊ दे' ऐकायलाच ही माणसं टपलेली असतात, मैत्रिणींनो. माल खास, विकणारे मोजके, गिऱ्हाईक लहान गावातलं, त्यातून बाई. थकेल आणि सोडून देईल, हा त्यांचा हिशोब असतो. मी सरांना तंग उकिरड्यावरून परत आणायला लावला, घोडीच्या जखमेचे आणि शिवणीचे फोटो काढले, आणि तक्रार सरांच्या नावानं मीच लिहून दिली. तिचा महिना पुढच्या गुरुवारी संपतो. आणि हो, हेल्मेटच्या पैशांतून कुरिअरचे म्हणून दोनशे चाळीस रुपये कापलेत, त्याचंही पत्र कालच गेलंय.