देखभालीचे देणे



४ जुलै २०२३ रोजी सकाळी नागोया बंदरातील कंटेनर टर्मिनल्सची संगणक-यंत्रणा बंद पडली. खंडणी मागणाऱ्या हल्लेखोरांनी सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद केली होती. पाचही टर्मिनल्सवरील कंटेनरची चढ-उतार थांबली, ट्रेलरच्या रांगा लागल्या आणि काम पुन्हा सुरू होण्यास ६ जुलै उजाडला. एकूण मालाच्या उलाढालीत जपानमध्ये अग्रस्थानी असलेले हे बंदर सुमारे अडीच दिवस खोळंबले. पुढे जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली. देखभालीसाठी बाहेरून जोडणी करण्याची जी सोय ठेवली होती, तिच्यातून शिरकाव झाला असण्याची शक्यता समितीने मांडली. सर्व्हर आणि नेटवर्क-उपकरणांतील उणिवा बुजवण्याचे काम पुरेसे झाले नव्हते, हेही तिने नोंदवले.

आमच्यासारख्या, सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या माणसांना ही घटना विसरता येत नाही. ज्या कामाकडे सारे जण ‘नंतर पाहू’ म्हणून पाठ फिरवतात, त्याच कामातून ती उद्भवली. त्या कामाविषयी, म्हणजे साधने वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याविषयी, आज लिहावेसे वाटते. घरात आमच्यापैकी कोणी रविवारी रात्री लॅपटॉप उघडून बसले की ‘आता कशाला?’ असा प्रश्न येतो. हे त्याचेही उत्तर आहे.

आमच्या क्षेत्राने ‘कंटेनर’ हा शब्द बंदरावरूनच घेतला. लोखंडी पेटीत काय आहे हे क्रेनला ठाऊक असावे लागत नाही. पेटी ठरलेल्या मापाची असली की ती कोणत्याही जहाजावर चढते. त्याच धर्तीवर एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे साहित्य एका बंदिस्त पेटीत भरायचे, म्हणजे तो कोणत्याही सर्व्हरवर चालतो. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत घरोघरी पोचवली. अशा शेकडो पेट्या कोणत्या सर्व्हरवर ठेवायच्या, कोणती बंद पडली, तिच्या जागी नवी कधी उभी करायची, हे पाहण्यासाठी गूगलने २०१४ मध्ये ‘कुबरनेटिस’ हे साधन जगापुढे खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आज बँका, रेल्वे, कारखाने यांची कितीतरी कामे त्याच्या आधाराने चालतात. त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो, सुधारू शकतो.

या खुलेपणाचे मोल आम्हाला अधिक कळते. आमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर. महागड्या परवान्याचे सॉफ्टवेअर विकत घेऊन शिकणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. वसतिगृहातल्या एका जुन्या संगणकावर चार मुले आळीपाळीने बसत आणि जगातल्या उत्तम अभियंत्यांनी लिहिलेला कोड वाचत. त्यात दुरुस्ती सुचवताना आम्हाला कोणी आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही. दुरुस्ती योग्य आहे की नाही, एवढेच तपासले गेले. या साधनांनी आम्हाला नागोयापर्यंत आणले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु खुले साधन एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे नसते. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. त्यानंतर तिच्यात उणीव सापडली तरी ती बुजवली जात नाही. आम्ही ज्या ठिकाणी काम करत होतो, तेथे एकदा ही कालमर्यादा उलटून गेली होती. दर वेळी काही ना काही निमित्त निघे. शेवटी ओबोनच्या सुट्टीत एकामागून एक आवृत्त्या चढवायला घेतल्या, कारण मधली आवृत्ती गाळून मुख्य यंत्रणा पुढे नेता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या १.२२ या आवृत्तीपाशी आम्ही अडकलो. बाहेरून येणारी विनंती आत कोठे पाठवायची हे सांगणाऱ्या आमच्या फायली जुन्या रूपात लिहिलेल्या होत्या आणि ते रूप त्या आवृत्तीतून काढून टाकले होते. ते काढले जाणार असल्याची सूचना खूप आधी दिली गेली होती. ती आम्ही वाचली नव्हती. मुलांना समुद्रावर नेण्याचे ठरले होते. ती सुट्टी फायली पुन्हा लिहिण्यात गेली. दोष साधनाचा नव्हता, आमच्या चालढकलीचा होता.

‘चालते आहे त्याला हात लावू नये,’ असे यावर अनेक अनुभवी सहकारी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या, लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लहानशा साधनाच्या नव्या आवृत्तीतच चोरदार आढळले. ते साधन वर्षानुवर्षे एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीच्या मिषाने कोणी अनोळखी व्यक्ती आली, दोनेक वर्षे विश्वास संपादन केला आणि अखेरीस घात केला. सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला, म्हणून ते उघडकीस आले. ज्यांनी नवे ते सर्वांत आधी घेतले, त्यांनाच येथे सर्वाधिक धोका होता.

मग मार्ग कोणता? तो याच शहरात पाहायला मिळतो. नागोयातील टोयोटाच्या औद्योगिक संग्रहालयात साकिची टोयोडा यांचे स्वयंचलित माग आहेत. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. खराब कापड पुढे विणले जात नाही. कुबरनेटिसमध्ये नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवताना हेच तत्त्व वापरता येते. नव्या पेटीने ‘मी तयार आहे’ असे कळवले नाही, तर काम तेथेच थबकते आणि जुन्या पेट्या सेवा देत राहतात. मात्र ‘तयार’ म्हणजे काय, हे आपण आधी नीट लिहून ठेवलेले असावे लागते. आंधळी घाई आणि वर्षानुवर्षांची टाळाटाळ ही दोन्ही टोके सोडून लहान पावलांनी, नेमाने, तपासत पुढे जावे, हे आमचे मत आहे.

येथवरचा विचार प्रत्येक अभियंत्याने आपल्या कार्यालयात करायचा. पण प्रश्न येथे संपत नाही, कारण आवृत्त्या आकाशातून पडत नाहीत. त्या कोणीतरी तयार करते.

‘इन्ग्रेस एनजिनएक्स’चेच पाहा. कुबरनेटिसच्या दारावर उभे राहून येणारी प्रत्येक विनंती योग्य त्या ठिकाणी पाठवणारे हे साधन जगभर अफाट वापरले गेले. मार्च २०२५ मध्ये त्यात अतिशय गंभीर उणीव सापडली. तिची तीव्रता १० पैकी ९.८ ठरवली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घोषणा झाली की मार्च २०२६ पर्यंत जमेल तशी देखभाल होईल, त्यानंतर नवी आवृत्ती नाही आणि सुरक्षेची दुरुस्तीही नाही. कारण त्या घोषणेतच दिले होते. हे साधन वर्षानुवर्षे एक-दोन माणसे आपले नोकरीचे काम संपवून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी सांभाळत होती. मदतीचे आवाहन केले गेले, पण पुरेसे हात पुढे आले नाहीत. वापरणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या, आणि आम्हीही होतो. आम्ही त्या दोघांसाठी काय केले? काहीही केले नाही.

आपल्या समाजाला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. गावाची राखण करणारे, निरोप घेऊन धावणारे, मेलेली गुरे ओढणारे हात आपल्या पूर्वजांचे होते. गाव त्यांच्यावर चालत असे आणि त्यांनाच वेशीबाहेर ठेवत असे. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वतनाची वेठ आणि स्वयंसेवकाने आपखुशीने दिलेला वेळ यांची बरोबरी होऊ शकत नाही. ते लादलेले होते, हा स्वेच्छेचा आहे. परंतु निर्माण करणाऱ्याला मान आणि निगा राखणाऱ्याकडे दुर्लक्ष, ही नजर दोन्हीकडे सारखीच आहे. त्या नजरेचे चटके सोसलेल्यांच्या वारसांनी तरी ती स्वीकारू नये.

म्हणून काही सूचना मांडतो. कार्यालयात दर महिन्याचा अर्धा दिवस अद्ययावतीकरणासाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. आपण कोणती खुली साधने वापरतो आणि त्यांना कधीपर्यंत आधार आहे, याची यादी वरिष्ठांपुढे ठेवावी. महिन्यातून दोन तास त्या साधनांना परत द्यावेत. त्यासाठी मोठा कोड लिहावा लागत नाही. येऊ घातलेली आवृत्ती चालवून पाहणे, आढळलेला दोष पुन्हा कसा घडतो ते नीट नोंदवणे, हेही मोलाचे आहे. कुबरनेटिसचे दस्तऐवज जपानी आणि हिंदीतही लिहिले जातात. दोन्ही भाषा जाणणारे आपल्यात कितीतरी आहेत. नांदेड-अकोल्याच्या विद्यार्थ्यांसाठी हेच मराठीत समजावून सांगणेही आपल्या हातचे आहे.

आणि सुरुवात घरापासून करावी. आपल्या मंडळाची सभासद-यादी, देणगीचा हिशेब आणि आपण वाचत असलेले हे नियतकालिक ज्या सर्व्हरवर आहे, तो आजही एकच सभासद सांभाळतो. उद्या त्याची बदली झाली, किंवा तो भारतात परतला, तर पुढे कोण, याचे उत्तर आपल्यापाशी नाही. येत्या १४ एप्रिलपूर्वी आणखी दोघांनी, शक्य असल्यास त्यात एका भगिनीने, ते काम शिकून घ्यावे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर तासभर थांबू शकणाऱ्यांनी आपले नाव जरूर कळवावे.