पॉटकेटचा संघ कोणाचा?

अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान राज्यांत पॉटकेट नांवाचें सुमारें पंचाहत्तर हजार वस्तीचें एक गिरणगांव आहे. तेथील बेसबॉलचा संघ २०२१ सालीं शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वूस्टर शहरीं गेला. आणि तो ज्या मॅकॉय क्रीडांगणावर अर्धें शतक खेळला तें २०२५ सालीं पाडण्यांत आलें. एवढ्याशा वार्तेवर एका मराठी मासिकाचीं चार पानें खर्ची घालण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन एवढेंच कीं, असल्या प्रकरणांची चर्चा निघाली म्हणजे आमच्यांतील चांगले शिकलेसवरलेले लोकहि एक ठराविक उत्तर देऊन मोकळे होतात. संघ मालकाचा, मालकानें तो वाटेल तेथें न्यावा, गांवाला हळहळ वाटली तर ती कवींनीं गावी, अर्थशास्त्राला तिच्याशीं कर्तव्य नाहीं! हें उत्तर ऐकावयास मोठें करारी आणि व्यवहारी वाटतें. तें खोटें आहे असें माझें म्हणणें आहे, आणि तें सिद्ध करण्यासाठीं हळहळीला साक्षीस बोलावण्याचीहि मला गरज भासत नाहीं.

प्रथम मालकाचें असें या संघांत काय होतें तें पाहूं. अमेरिकेंत मेजर लीगचे मोठे संघ मोठ्या शहरांत, आणि त्यांच्याखालीं उतरत्या श्रेणीचे कनिष्ठ संघ लहान शहरांत, अशी रचना आहे. १९०१ सालीं या कनिष्ठ लीगांनीं आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली तेव्हां हे संघ खरोखरीच त्या त्या गांवांचे होते. खेळाडू ते स्वतः जमवीत आणि विकीत. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सेंट लुइसच्या ब्रँच रिकी यानें कनिष्ठ संघ ताब्यांत घेऊन त्यांत रोपवाटिकेप्रमाणें खेळाडू वाढविण्याची युक्ति काढली, आणि हळूहळू सर्वांनींच ती उचलली. १९४९ सालीं अशा ५९ लीगा आणि चारशेंहून अधिक संघ नांदत होते. मग घरोघर टेलिव्हिजन आला आणि दहापंधरा वर्षांत बहुतेक मोडले. जे उरले त्यांच्या खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो, त्यांना पाठवितो आणि परत बोलावतो तोच. पॉटकेटमध्यें खेळाडू बोस्टनचे होते, क्रीडांगण नगरपालिकेचें होतें, नांव गांवाचें होतें आणि तिकीट काढून येणारीं माणसेंहि गांवाचींच होतीं. मालकाजवळ उरला तो बोस्टनशीं केलेला करार, लीगमधील जागा आणि हिशेबाच्या वह्या. या तीन वस्तु मौल्यवान नाहींत असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांना 'संघ' म्हणणें म्हणजे देवळाच्या किल्लीला देऊळ म्हणण्यासारखें आहे.

गांवाचा इतिहास आमच्या मुंबईकर वाचकांस अगदींच परका वाटूं नये. इंग्लंडांतील सूतगिरणीचें यंत्र डोक्यांत साठवून सॅम्युअल स्लेटर १७८९ सालीं अमेरिकेस आला, आणि पाण्याच्या जोरावर यशस्वी रीतीनें चालणारी त्या देशांतील पहिली सूतगिरणी त्यानें व त्याच्या भागीदारांनीं १७९३ सालीं याच पॉटकेटमध्यें उभारली. १९४६ ते १९४९ पर्यंत येथें जो संघ खेळे त्याचें नांवच मुळीं 'स्लेटर्स' असें होतें. गिरण्या पुढें दक्षिणेकडे गेल्या, चाळी राहिल्या. ही कथा आम्हांला ठाऊक आहे. क्रीडांगण मंदीच्या काळांत सरकारी रोजगार योजनेखालीं, टॉमस मॅकॉय नामक नगराध्यक्षाच्या हट्टामुळें, एका दलदलीवर भर घालून बांधलें गेलें आणि १९४२ सालीं खुलें झालें. त्यावर तेव्हां फार टीका झाली, आणि ती सर्वस्वीं अन्यायाची होती असेंहि नाहीं. मात्र बांधणींतील एका विचित्रपणानें त्याला एक शोभा आली. प्रेक्षकांचे सज्जे मैदानापासून इतके उंच होते कीं, खेळाडूंच्या सह्या घेण्यासाठीं मुलांना हात पुरेना. तेव्हां दुधाच्या प्लास्टिकच्या बरण्या कापून, त्यांत चेंडू आणि लेखणी घालून, दोरीनें खालीं सोडण्याचा प्रघात पडला. खालीं खेळाडूनें सही करावयाची आणि दोरी हिसडावयाची, कीं बरणी वर! जिम राइस, फ्रेड लिन, वेड बॉग्ज, रॉजर क्लेमेन्स हे सगळे पुढें नांवारूपास आलेले खेळाडू या मैदानावरून गेले.

बोस्टनचा दुय्यम संघ १९७० सालीं येथें आला, आणि १९७३ सालीं त्याच्या जागीं कनिष्ठ लीगांतील सर्वांत वरच्या श्रेणीचा संघ आला. १९७६ पर्यंत त्याचें दिवाळें वाजलें. १९७७ च्या आरंभीं तो बेन मॉन्डर यानें घेतला. हा मूळचा क्यूबेकमधला, कापडगिरण्यांच्या धंद्यांत पैसा मिळवून निवृत्त झालेला गृहस्थ. पहिल्या वर्षीं सगळ्या हंगामांत मिळून सुमारें सत्तर हजार माणसें आलीं; २००५ सालीं तीच संख्या ६ लाख ८८ हजारांवर गेली. मॉन्डरनें तिकीट स्वस्त ठेवलें, मैदान स्वच्छ ठेवलें, आणि मजुरानें बायकामुलांसह यावें अशी व्यवस्था ठेवली. यांत कांहीं गूढ नाहीं; तरी फार थोड्या मालकांना तें सुचतें.

याच काळांतील एका सामन्याची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. शनिवार, १८ एप्रिल १९८१, ईस्टरची आदली रात्र. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो; बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत पुढें खेळावें लागतें. पाहुणा संघ रॉचेस्टरचा. नऊ डाव झाले, बरोबरी; एकविसाव्या डावांत रॉचेस्टरनें एक धाव काढली तों बॉग्जनें फटका मारून पुन्हां बरोबरी केली. रात्रीं ठराविक वेळीं खेळ थांबविण्याचा नियम त्या वर्षींच्या पुस्तकांत छापावयाचाच राहिला होता, म्हणून पंच थांबवीनात! थंडी इतकी कीं, खेळाडूंनीं मोडक्या बॅटी जाळून शेकोट्या केल्या. अखेरीस लीगच्या अध्यक्षाशीं टेलिफोनवर बोलणें झालें आणि पहांटे चार वाजून सात मिनिटांनीं, बत्तीस डावांनंतर, खेळ तहकूब झाला. प्रेक्षक उरले होते एकोणीस. २३ जून रोजीं तो पुन्हां सुरू झाला आणि अठरा मिनिटांत संपला. तेहतिसाव्या डावांत डेव्ह कोझा याच्या फटक्यावर पॉटकेट ३-२ असें जिंकलें. व्यावसायिक बेसबॉलमध्यें याहून अधिक डावांचा सामना आजवर झालेला नाहीं. बॉग्ज आणि समोरच्या संघांतील कॅल रिपकेन हे दोघेहि पुढें या खेळाच्या सन्मानमंदिरांत गेले. कोझा मेजर लीगमध्यें एकदांहि खेळला नाहीं.

आतां मला त्या करारी अर्थपंडितांना विचारावयाचें आहे कीं, हे तेहतीस डाव कोणत्या वहींत जमा धरलेले आहेत? २०१५ सालीं संघ विकला गेला तेव्हां जी किंमत आली ती बोस्टनशीं असलेल्या कराराची तर होतीच. पण पंचेचाळीस वर्षें गांवानें येऊन बसण्याचीहि होती. ज्याला व्यापारी 'नांवलौकिक' म्हणून किंमत लावतात, तो निर्माण करणाऱ्यांत ते एकोणीस लोक आणि त्या बरण्या सोडणारीं मुलेंहि होतीं. तो विकतांना मात्र सही एकाच पक्षाची लागली.

मॉन्डरची स्तुति करणाऱ्यांत मी मागें नाहीं. परंतु त्याचा मोठा दोष कोणी बोलून दाखवीत नाहीं, तो मी दाखवितों. तेहतीस वर्षें त्यानें संघ गांवाचा असल्यासारखा चालविला. पण गांवाचा केला नाहीं. २०१० सालीं तो वारला आणि २०१५ मध्यें संघ त्याच्या पत्नीकडून लॅरी लुकिनो, जेम्स स्केफिंग्टन इत्यादि श्रीमंतांच्या मंडळाकडे गेला. सज्जन मालकाच्या आश्रयांत वाढलेल्या संस्थेचें असेंच होतें. त्याच्या सौजन्यामुळें कोणाला करारनामा लिहून घ्यावासा वाटत नाहीं, आणि वारसाच्या वेळीं सौजन्य दप्तरांत सांपडत नाहीं. गांवहि दोषी आहे. स्वस्त तिकिटावर तो इतका संतुष्ट राहिला कीं, एखादा भाग आपल्या नांवें करून मागण्याचें त्याला सुचलें नाहीं.

नव्या मालकांनीं प्रथम प्रॉव्हिडन्स येथें नवें क्रीडांगण मागितलें, आणि त्यासाठीं राज्यानें दरसाल निव्वळ चाळीस लाख डॉलर याप्रमाणें तीस वर्षें द्यावे असा प्रस्ताव आणला. लोक खवळले आणि तो बारगळला. मग पॉटकेटमध्येंच, स्लेटरच्या गिरणीजवळ, ८ कोटि ३० लाखांची योजना निघाली. त्यांत संघानें साडेचार कोटि, राज्यानें २ कोटि ३० लाख आणि नगरपालिकेनें दीड कोटि घालावयाचे होते. जानेवारी २०१८ मध्यें सेनेटनें ती मंजूर केली. खालच्या सभागृहानें राज्याची हमी काढून घेऊन जूनमध्यें दुसरा कायदा केला. आणि ऑगस्टमध्यें संघानें वूस्टरला जाण्याचें जाहीर केलें. या सर्व काळांत मालकांची भाषा पाहावी. पैसा मागतांना संघ म्हणजे 'समाजाचा ठेवा'; निघून जातांना तोच संघ म्हणजे खाजगी मालमत्ता. दोन्ही भाषा एकाच तोंडाच्या. आणि तिसरी भाषा कायद्यासमोरची: १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, न्या. होम्स यांच्या लेखणीनें, बेसबॉलचे सामने हा मुळीं आंतरराज्य व्यापारच नव्हे असें ठरविलें, आणि त्यामुळें मक्तेदारीविरुद्धचे कायदे त्याला लागू होईनात. १९७२ सालीं त्याच न्यायालयानें ही विसंगति कबूल केली आणि तशीच ठेविली. १९९८ च्या कायद्यानें मोठ्या लीगमधील खेळाडूंपुरती ती दूर केली, कनिष्ठ लीगांना मात्र मुद्दाम वगळलें. म्हणजे मागतांना समाज, नेतांना मालमत्ता, आणि न्यायालयांत व्यापारहि नव्हे! आमच्या मित्रांनीं यांपैकीं मधली एकच भाषा ऐकून न्याय दिला आहे.

ते म्हणतील, क्रीडांगणांवर सार्वजनिक पैसा घालणें हा तोट्याचा व्यवहार आहे असें अर्थशास्त्रज्ञच सांगतात. सांगतात खरे, नोल आणि झिंबलिस्ट यांनीं १९९७ सालीं संपादिलेल्या ग्रंथापासून तें सतत सांगितलें गेलें आहे आणि मला तें मान्य आहे. वूस्टरच्या क्रीडांगणाचा खर्च आरंभींच्या सुमारें नऊ कोटींवरून सोळा कोटि डॉलरांच्या आसपास गेला हेंहि मान्य आहे. पण यावरून निष्कर्ष कोणता निघतो? गांवानें पैसा घालून मालकी दुसऱ्याची ठेवूं नये, एवढाच. गांवानें मालकीच घेऊं नये असें त्यांत कोठेंहि नाहीं.

आणि हा केवळ तर्क नव्हे. त्या लांबलेल्या रात्रीं समोर जो रॉचेस्टरचा संघ होता, त्याच्याकडे पाहावें. सेंट लुइसच्या मालकांनीं तो टाकावयाचें ठरविलें तेव्हां १९५७ सालीं मॉरी सिल्व्हर या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें आठ हजारांहून अधिक नागरिकांनीं भाग घेऊन तो विकत घेतला. तो आजहि रॉचेस्टरमध्यें आहे. टोलेडोचा संघ १९६५ पासून आणि कोलंबसचा १९७७ पासून तेथील जिल्हा-सरकारच्या छत्राखालीं आहे. तेहि जागचे हललेले नाहींत. मात्र भागधारक झाले म्हणजे सर्व निभावलें असेंहि समजूं नये. सिरॅक्यूजचा संघ असाच लोकांच्या भागांवर उभा होता. २०१७ सालीं भागधारकांनीं मतें देऊन तो न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला विकला. तरी तो विकण्याचा प्रश्न निदान त्यांना विचारला गेला. पॉटकेटला कोणीं विचारलें?

आम्हांला हें दूरचें वाटत असेल तर पुण्याच्या नांवानें आय. पी. एल. मध्यें २०११ ते २०१३ आणि पुन्हां २०१६-१७ असे जे दोन संघ येऊन गेले, त्यांचें स्मरण करावें. तेथें गांवाचें नांव भाड्यानें घेण्यापलीकडे कोणाचा कांहीं संबंधच नव्हता, म्हणून कोणाला दुःखहि झालें नाहीं.

पॉटकेटचा शेवटचा हंगाम २०२० चा. महामारीमुळें तो रद्द झाला आणि निरोपाचा सामनाहि झाला नाहीं. त्याच वर्षीं जुना करार संपतांच मेजर लीगनें सर्व कनिष्ठ लीगा आपल्या हातीं घेतल्या आणि संलग्न संघ १६० चे १२० केले. दोनच वर्षांपूर्वीं, मार्च २०१८ मध्यें, लहान गांवांचे संघ वांचावे या सबबीखालीं कनिष्ठ खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यांतून वगळणारें कलम दोन हजारांहून अधिक पानांच्या अंदाजपत्रकी विधेयकांत घुसवून मंजूर करून घेतलें होतें. खेळाडूंचें वेतन गेलें आणि चाळीस गांवांचे संघहि गेले. खेळाडूंनीं पुढें युनियन करून २०२३ सालीं सामुदायिक करार मिळविला. गांवांची अशी युनियन नाहीं. आतां जे १२० उरले आहेत त्यांना दहा वर्षांचे परवाने दिलेले आहेत, आणि क्रीडांगणें अमुक मापाचीं नसतील तर परवाना धोक्यांत, अशी अट आहे. ही अट रॉचेस्टरलाहि लागू आहे. परवान्यांची मुदत २०३० अखेर संपते. तेव्हां पुन्हां प्रत्येक लहान शहराच्या नगरपालिकेपुढें खर्चाचा तक्ता येईल, आणि प्रत्येक सभासदाला त्यावर हात वर करण्यापूर्वीं विचारतां येण्यासारखा प्रश्न एकच आहे: या रकमेच्या बदल्यांत संघाचे किती भाग शहराच्या नांवें होणार?