आधीं बोर्डिंग, मग हायस्कूल

अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होता. पुढें तो उस्मानाबादेस जोडला गेला व १९८२ सालीं लातुरांत आला. जिल्हे बदलले, पण वाडीतांड्यावरच्या पोरास हायस्कूल गांठावयाचें तर गांवाबाहेर पाय काढावा लागतो, तें बदललें नाहीं.

निजामी अमदानींत वरच्या वर्गांची भाषा उर्दू. १९१८ सालीं हैदराबादेस विद्यापीठ निघालें, तेंही उर्दूचेंच. घरीं मराठी, शेतांत मराठी, आणि परीक्षेस उर्दू! सारा मात्र रयतेकडून पुरेपूर वसूल होई. इंग्रजी मुलुखांतही निराळें नव्हतें. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि विद्येचा लाभ वरच्यांस, हें गाऱ्हाणें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलेंच होतें. शेजारच्या कंधारास भाई केशवराव धोंडगे यांनीं शिक्षणसंस्था काढली, तेव्हां तिच्या नांवांतच 'मोफत' हा शब्द घातला. गरिबाचें पोर कोठें अडतें तें त्यांस ठाऊक होतें.

आतां नवा प्रश्न आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें सरकारनें वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यांत चौदा हजारांवर निघाल्या. मोठ्या शाळेंत प्रयोगशाळा असते, वाचनालय असतें, विषयागणिक मास्तर मिळतो, असें सांगतात. तें खरें आहे. एका मास्तरानें चार इयत्ता हांकाव्या यांत आम्हांसही कांहीं भूषण वाटत नाहीं. आज हें प्राथमिक शाळांचें झालें, तरी उद्यां खेड्यांतील आठवी-नववीच्या वर्गांसही हाच हिशेब लागणार.

मुलें एकत्र आणण्यास आमची हरकत नाहीं. कर्मवीर भाऊरावांनीं दुसरें काय केलें? पण त्यांचा क्रम पाहा. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, आणि महाराजा सयाजीरावांच्या नांवाचें हायस्कूल तेथें निघालें तें १९४० सालीं. आधीं पोराच्या भाकरीची व निजण्याची सोय, मग फळा. शाहू महाराजांनींही कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग १९०१ सालींच काढलें होतें. आमचे अधिकारी मात्र आधीं जुन्या शाळेस कुलूप लावूं पाहतात, सोय मागाहून!

मुलींस बारावीपर्यंत एस. टी. चा पास मोफत आहे. सरकारची ही गोष्ट चांगली. पण पासावर बसून कोणी घरीं जात नाहीं, त्यास गाडी लागते. अंधार पडेतों लेक फाट्यावर ताटकळली, कीं बाप दुसऱ्या दिवशीं तिचें दप्तर खुंटीस लावतो आणि सोयरीक पाहूं लागतो. त्यास अडाणी म्हणणें सोपें आहे. ज्यांचे आईबाप ऊसतोडीस कारखान्यावर जातात, त्या मुलांस तर संध्याकाळीं परतावयास घरच उघडें नसतें.

म्हणून तालुक्यांतील पंचांस व शाळा व्यवस्थापन समित्यांस आमचें सांगणें आहे कीं, शाळा एकत्र करण्याचा कागद आला, तर त्यावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी मागून घ्या: वसतिगृह कोठें व किती मुलांचें, गाडी शाळा सुटण्याच्या वेळेस येणार कीं नाहीं, आणि तीं होईपर्यंत गांवची शाळा चालूं राहणार कीं नाहीं. उत्तर आल्यावर तें ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवा.