जुन्या रायफलींचा नवा सोस

पोलिसांच्या शस्त्रागारांतून निवृत्त होणाऱ्या थ्री-नॉट-थ्री रायफली भट्टीत न घालता हौशी संग्राहकांस विकाव्या, असा सूर यवतमाळकडील सुशिक्षित मंडळींत अधूनमधून आमच्या कानी येतो. अमेरिकेत जुनी लष्करी रायफल दुकानातून घेता येते. मग आम्हीच काय पाप केले, असा या मंडळींचा सवाल असतो.

त्यांच्या तक्रारीत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रजेला निःशस्त्र केले. लष्कराचे काडतूस नागरिकाच्या हाती पडू नये, म्हणून शिकारी रायफल निघाली ती .३१५ ची, ली-एनफील्डचे यंत्र तेच, नळी मात्र निराळी. १९५९ च्या कायद्यानंतरही .३०३ साध्या परवान्यावर मिळेना, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची शस्त्रे तिनावरून दोनांवर आली. हा अविश्वास कोणाला बोचला तर त्यात नवल नाही.

परंतु संग्राहकाची परीक्षा खरेदीत नसून निगेत आहे. आमच्याकडील जुन्या देशमुखी वाड्यांतून ठासणीच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या असतात. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत त्या तांबूस होतात. मग दसऱ्याच्या पूजेआधी काचकागद घेऊन त्यांस चकाकी आणावयाची! गंजाबरोबर कारागिराची मुद्रा आणि सालही घासले जाते, आणि उरतो तो नुसता लोखंडी दांडा. ज्यांना आजोबांची बंदूक सांभाळता आली नाही, त्यांना एनफील्डचे डोहाळे लागावे, ही मौज आहे.

एनफील्डची निगा तर याहून नाजूक. तिच्या जुन्या काडतुसाच्या टोपीतील दारूमुळे नळीत क्षार उरतो. तो तेलाने जात नाही. उकळते पाणी ओतून नळी धुवावी, कोरडी करावी, मगच तेल द्यावे. शिपायाच्या दस्त्यातच तेलाची पितळी कुपी आणि चिंधी ओढण्याची दोरी ठेवलेली असे, ती उगीच नव्हे. लाकडाला जवसाचे तेल चोळावे. ते तर आमच्या वऱ्हाडाचे घरचे! पण आमचे हौशी गृहस्थ व्हार्निशचा डबा आणतात.

दुसरी ढाल शेतकऱ्याची. रानडुकरे आहेत, वाघ आहेत, म्हणून बंदुका हव्या! २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच जिल्ह्यात टी-१ वाघीण नेमबाजाच्या गोळीने पडली, आणि ती गोळी नियमानुसार झाडली गेली काय, हा वाद पुढे बराच काळ चालला. तेथे बंदुकांची टंचाई नव्हती. दिवाणखान्याच्या शोभेसाठी शेतकऱ्याचे नाव पुढे करणे आम्हांस शिष्टाचाराचे वाटत नाही.

सगळ्याच रायफली वितळवाव्या, हेही आम्हांस मान्य नाही. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात शिपायांच्या हाती हीच रायफल होती. ती शब्दशः नाहीशी होऊ देणे करंटेपणाचे ठरेल. काही निवडक नग नळी कायमची बंद करून नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या सार्वजनिक संग्रहालयांस द्यावे. ईशापूरच्या कारखान्यातील जुन्या रायफलीवर राजमुकुट कोरलेला आढळतो, तर स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर अशोकस्तंभाचे सिंह. ते दोन्ही शिक्के शेजारी शेजारी मांडावे, आणि काचकागद त्या दालनाच्या बाहेर ठेवावा.