मिटलेल्या मिसलींविषयी एक अर्ज

माननीय राज्यपाल, हरियाणा राज्य, चंदीगड, यांचे सेवेशी

महोदय,

पानिपतात स्थायिक झालेला मी एक मराठी नागरिक, ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत आणि ज्यांना एका कायद्याने आयुष्यभर भयाच्या छायेत ठेवले, अशा माणसांसाठी आपल्याकडे दाद मागत आहे. या पत्राचा हिंदी तर्जुमा आपल्या दफ्तरी स्वतंत्रपणे रवाना केला आहे. मराठीत ते प्रसिद्ध करतो ते अशासाठी की, हा प्रश्न आपला नव्हे अशी समजूत माझ्या भाषाबांधवांतही खोल रुजलेली आहे.

१ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाने, निसर्गक्रमाविरुद्ध म्हणून ठरविलेल्या शरीरसंबंधास जन्मठेपेची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगितली, आणि उभयतांची संमती होती की नव्हती हा प्रश्नच गैरलागू केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेजसिंग जोहर यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते हे कलम एकमताने घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, समलिंगी समाजाने व त्याच्या कुटुंबीयांनी शतकानुशतके सोसलेल्या अवहेलनेबद्दल इतिहास त्यांची क्षमायाचना करणे लागतो, असे उदात्त उद्गार काढले. परंतु त्याच निकालपत्राच्या अखेरीस, प्रलंबित प्रकरणांत या निर्णयाचा आधार घेता येईल, मात्र ज्या खटल्यांचा शेवट होऊन गेला आहे ते त्यामुळे पुन्हा उघडले जाणार नाहीत, असेही नमूद केले.

या मर्यादेचा व्यवहारात काय अर्थ होतो, याचा आपण क्षणभर विचार करावा. एकाच वर्षी, एकाच न्यायासनासमोर शिक्षा झालेले दोघे कल्पावेत. एकापाशी वकील देण्याची ऐपत होती. त्याचे अपील तहकूब होत होत २०१८ पर्यंत रेंगाळले, आणि तो सुटला. दुसऱ्याने, घरच्यांची अब्रू आणखी चव्हाट्यावर येऊ नये म्हणून, अपील न करता निमूटपणे शिक्षा भोगली, आणि केवळ त्याच कारणाने तो आजही सरकारदप्तरी गुन्हेगार आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधानच रद्द होऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली व तिच्यात हे कलम नाही. तरी तिच्याच ३५८ व्या कलमाने जुन्या शिक्षा अबाधित राखल्या आहेत.

शिक्षा झालेली नसतानाही हा कलंक माणसाचे काय करतो, हे आम्हा मराठी लोकांना डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या उदाहरणावरून कळावयास हवे होते. अलीगड मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकविणाऱ्या या कवीच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण घुसले, त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते मात्र सिरसांना. दिल्ली उच्च न्यायालयाचा ३७७ विषयीचा उदार निर्णय २ जुलै २००९ चा, म्हणजे त्यापूर्वीचाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. उच्च न्यायालयाचा हुकूम हाती असलेल्या विद्वानाची ही गत, मग ज्याच्याविरुद्ध न्यायालयाचाच हुकूम होता अशा एखाद्या हमालाची वा शिपायाची काय झाली असेल?

अशी माणसे किती आहेत, त्यांची यादी कोठे आहे, असे विचारले जाईल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने या कलमाखालील गुन्ह्यांची स्वतंत्र मोजदाद २०१४ पासून सुरू केली. त्याआधीची दीड शतके गठ्ठ्यांत बांधलेली आहेत. परंतु काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी महाराष्ट्रातून येणारा यात्रिक १७६१ च्या पानिपताच्या लढाईतील ज्या असंख्य मृतांपुढे मस्तक नमवितो, त्यांची तरी यादी कोणापाशी आहे?

जर्मनीने २०१७ साली समलिंगी संबंधांविषयीच्या आपल्या १७५ व्या परिच्छेदाखालील शिक्षा कायद्यानेच रद्दबातल केल्या आणि प्रत्येक शिक्षेमागे तीन हजार युरो, कैदेच्या प्रत्येक वर्षामागे आणखी दीड हजार, अशी भरपाई देऊ केली. ब्रिटनने त्याच वर्षी माफी दिली. पण १९७४ मध्ये शिक्षा झालेल्या वृद्ध जॉर्ज माँटेग्यू यांनी, माफी स्वीकारणे म्हणजे अपराध कबूल करणे, असे सांगून सरकारकडून क्षमायाचनेची मागणी केली. मला त्यांचेच म्हणणे न्याय्य वाटते. शिक्षा मुळातून पुसण्यास संसदेचा कायदाच लागेल, आणि तशी शिफारस आपल्या शासनाने केंद्राकडे करावी.

तोपर्यंत घटनेच्या १६१ व्या अनुच्छेदाखालील अधिकार, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आपण वापरू शकता. याच कलमाखाली बालकांवरील व बळजबरीच्या अत्याचारांनाही शिक्षा झाल्या आहेत. त्या गुन्हेगारांना या सवलतीचा वाराही लागू नये, म्हणून प्रत्येक मिसल एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने तपासावी. पानिपत १९८९ पर्यंत कर्नाल जिल्ह्यात मोडत होते. तेव्हा हा शोध कर्नालच्या दफ्तरखान्यापासून सुरू करावा लागेल, आणि तो पुरा होईपर्यंत ३७७ खालील एकही जुनी मिसल जुनी झाली या सबबीवर नष्ट करू नये, असा हुकूम प्रथम निघावा. अर्ज टपालाने करण्याची मुभा असावी, अर्जदाराचे नाव गुप्त राहावे, चौकशीसाठी पोलीस शिपाई त्याच्या दारी जाऊ नये, आणि जो हयात नाही त्याच्यासाठी त्याच्या सोबत्यालाही अर्ज करता यावा. कारण अशा कित्येकांच्या मागे, त्यांच्यासाठी सही करील असे दुसरे कोणी उरलेले नाही.

आपला नम्र,
पानिपत येथील एक मराठी नागरिक