बहात्तरच्या आठवणी वहीत उतरवा

‘बहात्तर साल’ एवढे दोनच शब्द पिंपळगाव रेणुकाईतील कोणा वृद्धापुढे उच्चारावे; चालते बोलणे क्षणभर थांबते. १९७२ साली आमचा जन्मही झाला नव्हता, तरी त्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, रानातील तरवट्याची भाजी आणि खडी फोडताना हातांस आलेले फोड! ज्यांनी हे प्रौढपणी सोसले, ती माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत.

तथापि पुष्कळ घरांत हे मुलांस सांगितले जात नाही. ‘आम्ही मिलो खाल्ली’ असे म्हणावयास वडीलधाऱ्यांस संकोच वाटतो. आमच्या मते हा संकोच अस्थानी आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ४९ लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी भीक मागितली नाही. घाम गाळून भाकरी मिळविली. कित्येक पाझर तलाव, बांध व रस्ते त्यांच्याच हातचे होत. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. अशा श्रमाची लाज कसली?

येथे आम्हांस आयर्लंडचे स्मरण होते. तेथील गरिबांचा निर्वाह जवळजवळ एकट्या बटाट्यावर चाले. १८४५ साली त्यावर करपा पडला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, आणि निदान तितकीच देश सोडून गेली. धान्य मात्र त्याही काळी बंदरांतून बाहेर जातच होते. पुढे १९३७ साली तेथील शाळांतील मुलांस घरच्या वृद्धांच्या आठवणी टिपून आणण्यास सांगण्यात आले. सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी हे काम केले. त्या वह्यांत दुष्काळाच्या आठवणीही आल्या, आणि आज त्या राष्ट्राचा ठेवा होऊन राहिल्या आहेत.

विद्यार्थ्यांनो, हे काम तुम्हांस अशक्य आहे काय? आजीजवळ बसा व विचारा: पेरणीचे बियाणे पोटास चिमटा घेऊन कसे राखले? कोणत्या विहिरीस शेवटपर्यंत पाणी होते? बैलांस काय घातले? हे जुने रडगाणे नव्हे. ही शेतीची विद्या आहे. आज आपले गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सारा भार एका पिकावर टाकणाऱ्यांचे काय होते, हे आयर्लंडने दाखविले आहे. ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, अंबाडी पेरणारी आपली आजी हे शाळेत न जाताच जाणत होती.

पालकांसही आमची विनंती आहे. मुलाने वही उघडून प्रश्न विचारला, तर ‘अभ्यास कर’ म्हणून त्यास उठवू नये. हाही अभ्यासच आहे. आणि त्याचे शिक्षक फार दिवस थांबणार नाहीत.